दोन बीकर आणि एक सही

डी. फार्म.च्या, म्हणजे फार्मसी पदविकेच्या, पहिल्या वर्षाला फार्मास्युटिक्सचा पहिलाच धडा आपल्या व्यवसायाच्या इतिहासाचा. सुरुवातीची तीन वर्षं मीही तो दोन तासांत उरकला. १९३२ साली महादेव लाल श्रॉफांनी बनारस हिंदू विद्यापीठात फार्मसीचं शिक्षण सुरू केलं, १९४० चा औषध कायदा, १९४८ चा फार्मसी कायदा. मुलं लिहून घ्यायची, पेपरात उतरवायची आणि विसरायची. मला ते खुपत होतं.

चौथ्या वर्षी वर्गात दोन झाकलेले बीकर नेले. एकात शुद्ध ग्लिसरीन, दुसऱ्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं. बीकर हातोहात फिरले, मुलांनी उजेडात धरून पाहिले. कुणालाच छातीठोक सांगता येईना. मग सांगितलं, १९३७ साली अमेरिकेत याच ग्लायकॉलमध्ये सल्फानिलमाइड हे जंतुसंसर्गावरचं औषध विरघळवून विकलं. चव, रंग, वास पाहिला. विषारी आहे का, ते तपासलंच नाही. १०० वर माणसं गेली, त्यांत कितीतरी लहान मुलं. आणि १९८६ साली आपल्या मुंबईत भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. त्याच्या चौकशीसाठी लेंटिन आयोग नेमावा लागला. रसायन तेच! वर्ग चिडीचूप.

पुढच्या तासाला प्रसंग करून पाहिला. एक पुरवठादार, एक खरेदी अधिकारी, एक भांडारातला फार्मासिस्ट. पहिल्या गटाने दोन मिनिटांत सही करून माल आत घेतला. मी गप्प राहिले. तिसऱ्या गटातली मुलगी, एरवी हजेरीसुद्धा पुटपुटत देणारी, म्हणाली, "आधी तपासणीचा रिपोर्ट, मग सही." 'अधिकारी' तिच्यावर खेकसला. तिचा आवाज कापत होता, पण पेनाचं टोपण तिने काढलं नाही.

त्या दिवशी फ्रान्सिस केल्सी शिकवली, अमेरिकेच्या औषध प्रशासनातली अधिकारी. विद्यार्थिनी असताना १९३७ च्या त्याच प्रकरणात उंदरांवर प्रयोग करणारी, आणि १९६० पासून कंपनीचा तगादा सोसूनही थॅलिडोमाइडला, गर्भातल्या बाळांना व्यंग आणणाऱ्या औषधाला, मंजुरी न देणारी. वर्गप्रतिनिधी निवडला, सूत्रसंचालन दिलं, की नेतृत्व शिकवलं असं आपण समजतो. औषधाच्या कामात ते सहीपाशी लागतं.

गेल्या उन्हाळ्यात त्या पुटपुटणाऱ्या मुलीचाच फोन आला, मेडिकलमधल्या ट्रेनिंगवरून. "मॅडम, बिलावरचा आणि पट्टीवरचा बॅच नंबर जुळत नाहीये. मी माल बाजूला ठेवलाय. मालक चिडलेत. काय करू?"

"दोन्ही नंबर, तारीख, वेळ वहीत लिही," म्हटलं. "आणि मालकांना फोन दे."