ओलं दळण घेत नाही

गिरणीच्या काउंटरवर पुठ्ठ्याची पाटी टेकवलेली होती. वर स्केचपेनने ‘ओले दळण घेतले जाणार नाही’ आणि खाली, वेगळ्या अक्षरात, ‘कृपया वाद घालू नये’. दिवाळी होऊन गेली, फराळाचे डबे घासून माळ्यावर गेले, तरी ती दुसरी ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. मी वाद घालायला गेलोच नव्हतो. किलोभर तांदूळ दळून आणायला गेलो होतो.

गेली बरीच वर्षं आमच्याकडे अनारशाचं पीठ तयारच यायचं. २०२४च्या दिवाळीत आणलेलं पीठ हसलं. ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: अनारसा तुपात सोडला की त्याच्या कडा सुटायला लागतात, जाळी पडण्याऐवजी तो सगळा पसरतो आणि झाऱ्यावर नुसता चुरा येतो. त्याला हसणं म्हणतात. आई खुर्चीवर बसून बघत होती, काहीच बोलली नाही. आई काही बोलली नाही की ते आम्हाला वर्षभर पुरतं. म्हणून २०२५च्या कोजागिरीला गच्चीवर दूध पिता पिता मीच म्हणालो, यंदा पीठ घरी करू.

“करू म्हणजे कोण?” बायकोने विचारलं.

“मी आहे ना.”

तांदूळ भिजवायला फार अक्कल लागत नाही. जुना, जाडा तांदूळ घ्यायचा, बासमतीच्या वाटेला जायचं नाही. बुधवारी सकाळी भिजत घातला, रोज पाणी बदललं, शनिवारी सकाळी उपसला. (पाणी बदलायला विसरलात तर वासच आठवण करून देतो.) मग बाबांच्या जुन्या धोतरावर, पंख्याखाली, घरातच पसरला. उन्हात अजिबात नाही. तासाभराने आईने त्यातली मूठ उचलली, दाबली आणि उघडली. तळहाताला ओल लागली होती, पण पाणी नव्हतं. हात झटकला तरी पाच-सहा दाणे चिकटून राहिले. ते मला दाखवत आई म्हणाली, “हे बघ, आत्ता. आत्ताच्या आत्ता दळून आण. वाळला की गेला.”

‘आत्ता’ या शब्दात किती अडचणी भरलेल्या असतात ते मला पुढच्या बारा तासांत कळलं.

पहिली गिरणी घराखालचीच, आमचा गहू वर्षानुवर्षं तिथेच जातो. दारात डब्यांची रांग, प्रत्येकावर चिठ्ठी. चकलीची भाजणी दळली जात होती, धण्या-जिऱ्याचा वास जिन्यापर्यंत येत होता. मी डबा ठेवला. माणसाने झाकण उघडलं, दोन बोटं तांदळात घातली आणि काही न बोलता झाकण लावून डबा माझ्याकडे सरकवला. मग पाटीकडे हनुवटी.

“अहो, अनारशाचे आहेत. ओलेच दळायचे असतात.”

“साहेब, मला माहीत आहे ना. पण दगड बसतो.”

दगड बसतो म्हणजे, ओलं पीठ दगडाच्या खाचांत थापलं जातं. खाचा बुजल्या की पुढचं दळण नीट निघत नाही, गरम होतं, आणि मग दगड काढून त्याला टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीने खाचा पुन्हा कोराव्या लागतात. ऐन दिवाळीत, चाळीस डबे रांगेत असताना, त्याने हे का करावं? आज शांतपणे लिहिताना त्याचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. त्या शनिवारी सकाळी अकरा वाजता एक टक्काही पटलं नव्हतं. रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, “आम्ही उखळात कुटायचो.” डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर मी उखळ आणणार कुठून, हे मी त्यांना विचारलं नाही. वाद घालू नये असं लिहिलेलंच होतं.

दुसरी गिरणी स्टेशनकडे. रिक्षाने गेलो, डबा मांडीवर. हा माणूस गोड बोलला आणि त्यानेच जास्त घात केला. म्हणाला, “दादा, आत्ता नाही जमणार. रात्री साडेनऊला या. सगळी दळणं संपली की शेवटी तुमचं टाकतो.” मला एवढा आनंद झाला की मी त्याचे आभार दोनदा मानले. तांदूळ घरी आणला. आईने कपाळाला हात लावला. साडेनऊपर्यंत ओल टिकवायची म्हणून तिने तांदूळ गोळा करून डब्यात भरला, वर ओला पंचा पिळून घातला, आणि दर दीड तासाने आम्ही सगळे आळीपाळीने डब्यात हात घालून बघत होतो. लेक म्हणाली, घरात कुणाला ताप आलाय असं वाटतंय.

साडेनऊला पाच कमी असताना मी तिथे हजर. शटर अर्धं खाली. आत मशीन बंद, एक पोरगा फडक्याने वजनकाटा पुसत होता. “मालक गेले. मालक बोलले ओलं घ्यायचं नाही.” मी म्हटलं, मालकांनीच बोलावलंय. तो म्हणाला, “मला नाही बोलले.” फोन लावायला सांगितला, तर म्हणे मालक आता उचलत नाहीत. हे सगळं वाकून, शटरखालून. माझं वय सत्तेचाळीस आहे, कमरेचा त्रास आहे. ‘नाही’ हा शब्द सकाळी अकरालाही मिळाला होता, त्यासाठी साडेदहा तास थांबायची काहीच गरज नव्हती. पाटीवाल्याचा राग हळूहळू गेला, या गोडबोल्याचा अजून नाही.

मधल्या वेळेत तिसरा प्रयत्नही करून झाला होता, तो सांगायचा राहिला. दुपारी कुणीतरी सुचवलं की मसाला कांडपवाला ओलं-सुकं काहीही घेतो. खरंच घेत होता! पण दुकान वीस पावलांवर असतानाच मला चार शिंका आल्या. त्याच मशीनमधून नुकतीच मिरची काढली होती. “एकदा पुसून घेतो की,” तो म्हणाला. मी घरी फोन केला. आई एवढंच म्हणाली, “चिवड्याला तिखट लागतं, अनारशाला नाही.”

शेवटी मिक्सर. जे सकाळी साडेदहाला करता आलं असतं ते रात्री दहाला सुरू केलं. बायको हे वाक्य दोनदा म्हणाली, मी दोनदा ऐकून घेतलं.

मिक्सरवर करणार असाल तर भांडं अर्ध्याच्या खालीच भरा. आम्ही पहिल्यांदा हावरटपणाने भरलं, पातं खालच्या खाली फिरत राहिलं, वरचा तांदूळ जागचा हलला नाही आणि मिक्सर बंद पडला. घाबरलो. लेकीने तो उलटा केला आणि तळाचं लाल बटण दाबलं, चालू झाला. त्यानंतर अर्धी-अर्धी वाटी, थांबत थांबत, पीठ गरम होऊ न देता. मैद्याच्या चाळणीतून चाळायचं, वर राहिलेली कणी परत भांड्यात. ओलं पीठ चाळणीतून सहज पडत नाही, बोटांनी फिरवावं लागतं, दर पाच मिनिटांनी जाळी बुजते. बायको मिक्सरवर, लेक चाळणीवर, मी जमिनीवर बसून गूळ किसत होतो. आई झोपायला जाते म्हणाली आणि दर वीस मिनिटांनी पाणी प्यायला उठत राहिली. चाळणं संपलं तेव्हा पावणेएक वाजला होता. लेकीच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

आता माझी चूक. आईचं माप सरळ आहे: किलोभर तांदळाला पाऊण किलो गूळ. मी मात्र चाळलेलं पीठ काट्यावर ठेवलं. ते भरलं बाराशे ग्रॅम. बाराशेच्या पाऊणपट नऊशे, म्हणून नऊशे ग्रॅम गूळ घातला. हिशेब चोख होता, फक्त त्यात दोनशे ग्रॅम पाणी होतं. आईचं माप कोरड्या तांदळाचं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला विचारलं नाही. चमचाभर तूप घालून मळलं, गोळे केले, डब्यात दाबून भरले आणि झोपलो. गूळ साधा मऊ घ्या बरं का, चिक्कीचा नको.

सहा दिवस डबा उघडला नाही. वसुबारसेला संध्याकाळी उघडला. मुरलेल्या पिठाचा तो आंबूस-गोड वास आला आणि मला उगाचच छाती फुगल्यासारखं झालं. दुधाची पिशवी कापून पसरली (केळीचं पान असेल तर उत्तमच), त्यावर खसखस, वर लिंबाएवढी गोळी ठेवून बोटांनी थापली. लहान कढईत तूप. खसखशीची बाजू वर ठेवून पहिला अनारसा सोडला.

आई म्हणाली, “हसला.”

तिच्या आवाजात दु:ख नव्हतं, बातमी होती. मी गॅस कमी केला, वाढवला, दुसरा टाकला. तोही हसला. खरं सांगतो, त्या क्षणी मला कढई दिसत नव्हती, ते अर्धवट शटर दिसत होतं. मनात पक्कं केलं होतं की मिक्सरमुळे झालं, गिरणीवाल्यामुळे झालं. आईने पिठाची गोळी तोंडात टाकली आणि विचारलं, “गूळ किती घातलास?” मी सांगितलं. ती नुसती बघत राहिली. मग बायकोला म्हणाली, “याला काटा देऊ नकोस गं.”

उपाय तिनेच सांगितला. सगळ्या पिठाला हात लावायचा नाही. त्यातला चौथा हिस्सा काढायचा, तांदळाची कोरडी पिठी चमचा-चमचा घालून मळायचं, रात्रभर झाकून ठेवायचं आणि आधी एकच तळून बघायचा. (उलटं झालं, म्हणजे पीठ कोरडं होऊन थापताना चिरा पडायला लागल्या, तर थोडं पिकलं केळं कुस्करून घालायचं. ती वेळ आमच्यावर आली नाही.) धनत्रयोदशीला पहिला टाकला, कडेने जरा सुटला. अजून दोन चमचे पिठी. पुढचा टाकला.

तो तळाशी गेला, वर आला आणि थांबला. कडेला बारीक बुडबुडे यायला लागले, मग मधे. खसखशीच्या दाण्यांमधून एकेक भोक उघडत गेलं. आईने झाऱ्याने कडेचं तूप त्याच्या अंगावर उडवायला सांगितलं. अनारसा उलटायचा नाही, उलटला की खसखस तुपात सुटते, जळते आणि पुढच्या सगळ्यांना काळे ठिपके लागतात. बदामी झाला की काढायचा. कढईतून निघतो तेव्हा तो मऊच असतो, कडक व्हायची वाट कढईत पाहिली तर करपतो. चाळणीत उभा करून ठेवायचा, तूप निथळतं आणि तो आपोआप खुसखुशीत होतो. आईने पहिला गार होऊ दिला, मोडला, आतली जाळी चष्मा वर करून बघितली आणि अर्धा मला दिला. म्हणाली, “बरा आहे.” आमच्या घरात याच्या वर शेरा नाही.

लेकीला मात्र हसलेले जास्त आवडले. झाऱ्यावर जमलेला गुळमट, तुपाळ चुरा तिने वाटीत घेऊन चमच्याने संपवला आणि अजून दोन मुद्दाम हसव म्हणाली.

नोव्हेंबरात गहू घेऊन खालच्या गिरणीत गेलो. रांग नव्हती, पाटी नव्हती, माणूस चहा पीत होता. सहज विचारलं, ओलं तुम्ही कधीच घेत नाही का? “घेतो की. टाकी लावायच्या आदल्या रात्री. दगड तसाही दुसऱ्या दिवशी काढायचाच असतो, शेवटचं दळण ओलं असलं तरी काय फरक पडतो?” मी म्हटलं, अहो, मग हे पाटीवर लिहा ना.

“लिहिलं तर सगळे त्याच रात्री येतील.”

तर ज्यांना पीठ घरी करायचंय त्यांनी तांदूळ भिजत घालण्याच्या आधी गिरणीत जाऊन टाकी कधी लावणार ते विचारावं आणि त्या वारापासून उलटे तीन दिवस मोजावेत. आम्ही नेमकं उलट केलं होतं.

आता १७ मे २०२६पासून अधिक ज्येष्ठ आहे. आईने कॅलेंडर बघून आत्ताच सांगून ठेवलंय: भावोजींना वाण द्यायचं, तेहतीस अनारसे, विकतचे नाहीत. काटा तिने स्वतःच्या कपाटात ठेवला आहे.