इटालियन भूतकाळ: ‘लॉ मांजाता’ सुटलं, सहायक क्रियापद अडलं

अखेर ‘लॉ मांजाता’ डोक्यात बसलं! ‘ओ मांजातो ला पीत्सा’ म्हणजे ‘मी पीत्सा खाल्ला’; त्यात क्रियापदाच्या शेवटी ‘तो’ आणि पीत्साऐवजी (तिकडे तो स्त्रीलिंगी) सर्वनाम आलं की ‘मांजाता’ असं का, हा मागच्या नोंदीतला प्रश्न होता. उत्तर शाळेतल्या कर्मणि प्रयोगात निघालं. मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली. इटालियन कृदंत, म्हणजे ‘मांजातो’सारखं रूप, मात्र कर्म सर्वनाम होऊन आधी आलं, तरच त्याचं ऐकतं. भूतकाळात ‘एस्सेरे’ (असणे; ‘सोनो’ हे त्याचंच रूप) हे सहायक घेणारी क्रियापदं सरळ कर्तरि: सोनो आंदाता, मी गेले. पुरुष म्हणेल सोनो आंदातो.

मग कर्तरि तिथे एस्सेरे, कर्मणि तिथे ‘आवेरे’ (जवळ असणे; ‘ओ’ हे त्याचं रूप) असं सूत्र धरून सराव सुरू केला. मस्त चाललं होतं, ते ‘मी झोपले’पाशी अडलं. दोर्मिरेला आवेरे लागतं: ओ दोर्मीतो. हसणं, चालणंही आवेरेकडेच. ‘मी चहा प्याले’ तर कर्म असूनही आपल्याकडे कर्तरि, आणि तिकडे ओ बेवूतो. ज्या अ‍ॅपवर सराव करते ते नुसती लाल फुली दाखवतं, कारण कधीच सांगत नाही. फार चीड येते. त्रेक्कानीचा ऑनलाइन शब्दकोश यापेक्षा कितीतरी कामाचा, क्रियापदापुढेच सहायक कोणतं ते देतो.

तिथेच कोर्रेरे सापडलं आणि वाट दिसली. नुसतं धावलं तर ओ कोर्सो; धावत घरी गेलं तर सोनो कोर्सा आ कासा. धावण्याला मुक्काम मिळाला की सहायक बदललं! तेव्हापासून प्रत्येक क्रियापदाला विचारते: कर्ता कुठे पोचला का, त्याची अवस्था पालटली का? वेनीरे (येणे), नाशेरे (जन्मणे), मोरीरे (मरणे), दिवेन्तारे (बनणे), सगळी एस्सेरेत बसली. आपल्या प्रयोगांवरून हे कळलं नसतं.

पुढे इंपेर्फेत्तो (अपूर्ण भूतकाळ) घेणार होते, पण आधी प्रश्नच घेते. हो-नाहीच्या प्रश्नात शब्दांची जागा हलवावी लागत नाही, आवाज चढवला की झालं. आणि ‘सेई आंदाता?’ विचारताना समोर बाई आहे हे ‘गेलीस का?’सारखंच कृदंतात उमटतं. ‘की ए वेनूतो?’ मात्र बायकांच्या घोळक्यातही सहसा पुल्लिंगीच. आपण अशा वेळी ‘कोण आलं?’ म्हणून नपुंसकलिंगाकडे वळतो. म्हणून आंकी या पाठांतराच्या अ‍ॅपमधली कार्डं आता जोडीने करतेय: वर ‘दोवे सेई आंदाता?’ (कुठे गेलीस?), खाली ‘सोनो आंदाता आ रोमा’ (रोमला गेले). सहायक आणि लिंग दोन्ही एका फटक्यात घटवून होतात.