खंडेनवमीला शॉप बंद का ठेवता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि एकदाच सांगतो. पुण्याजवळ भोसरीत माझं प्रेस शॉप आहे, म्हणजे मशीनवर पत्रा दाबून पार्ट काढायचा कारखाना. नवरात्र बसलं की कस्टमरच्या परचेसवाल्याचा फोन ठरलेला, "साहेब, तुम्ही तर देवबिव मानत नाही, मग खंडेनवमीला प्रेस बंद कशाला? दिवाळीचं शेड्यूल आहे." मेव्हणाही तेच विचारतो, फक्त हसून.

भोसरीत पूजा कशी होते ते तुम्हाला माहितीये. आदल्या दिवशी डिझेल आणि सुती वेस्टनं मशिनी पुसायच्या, झेंडू, कुंकवाचं स्वस्तिक, नारळ, पेढे, आणि एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. माझ्याकडची बिहारची पोरं १७ सप्टेंबरला विश्वकर्मापूजा करतात, तेव्हाही अर्धा दिवस जातो. त्याबद्दल कुणी एक शब्द विचारत नाही, गंमतच आहे.

२०१६ पर्यंत मीही तुमच्यासारखाच बोलायचो. सोमवार होता, १० ऑक्टोबर. दिवाळी ३० तारखेला, टू-व्हीलरचे ब्रॅकेट अडकलेले, रोज तीन-तीन फोन. सकाळी पूजा उरकली आणि अकराला मी म्हटलं, एकच प्रेस लावा, दोन हजार पीस काढू आणि घरी जाऊ. ऑपरेटर लातूरकडचा, माझ्याकडे नऊ वर्षं. म्हणाला, "मालक, आज नको, पूजा झालीय." मी म्हटलं, "अरे, डिस्पॅच काय देवी करणारे का?" सगळे हसले, तोपण हसला आणि नवा शर्ट काढून खुंटीला लावला.

तीनच्या सुमारास जॉब, म्हणजे दाबायचा तुकडा, डायमध्ये, म्हणजे साच्यात चिकटला, चिमटा खाली पडलेला, यानं हात घातला. पेडलवर पाय नव्हता असं तो आजही सांगतो आणि ते खरंच असणार, कारण जुनी की-क्लचची प्रेस, आतलं झिजलं की आपोआप दुसरा स्ट्रोक, म्हणजे ठोका मारते. मी केबिनमध्ये बसून आवाजावरून पीस मोजत होतो. तो स्ट्रोकही मी मोजला. नेहमीसारखाच आवाज आला हो, काही वेगळा नाही. ओरडणं नंतर ऐकू आलं. उजव्या हाताची दोन बोटं.

आता गार्डबद्दल. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला गार्ड होतं. ऑगस्टमध्ये मीच काढायला लावलं होतं, जॉब घालायला वेळ जातो, तासाला साठ-सत्तर पीस कमी पडतात म्हणून. तेव्हाच्या फॅक्टरी ॲक्टचं कलम २१ मला तोंडपाठ आहे, चालत्या मशीनला आडोसा हवा म्हणून स्पष्ट लिहिलं होतं, आणि तेव्हाही पाठ होतं.

पण गल्लीत काय बोलणं झालं, तर पूजेनंतर हात लावला, देवीला खपलं नाही. एरवी चहाच्या टपरीवर अंधश्रद्धेवर तासभर वाद घालणारा मी, त्या आठवड्यात गप्प. हॉस्पिटलमध्ये तो स्वतःच म्हणाला, "मालक, माझंच चुकलं, मी नाहीच म्हणायला पाहिजे होतं, आईनं दाखवलं." तेव्हा म्हणायचं होतं की आई कसली रे, मी गार्ड काढलं. मी म्हटलं, "होतं असं कधीकधी." पुढे सगळा खर्च केला, पैसे दिले, कामावर ठेवला, आता स्टोअर बघतो. सांगताना बरं वाटतं म्हणून हेही सांगितलं. ते वाक्य मात्र अजून त्याला बोललेलो नाही.

ती प्रेस विकली. आता न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावरचा क्लच आहे, दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही. लोकांना मी सांगतो की खंडेनवमीला मशिनी उघडून ब्रेक, क्लच, गार्डचे बोल्ट बघतो. बघतोच. पण ते गुरुवारच्या सुट्टीलाही होतंच की, तुम्ही म्हणणार, बरोबर आहे तुमचं. मग बंद कशाला? त्या दिवशी त्याच्या कानावर स्ट्रोकचा आवाज नको, असं मी बायकोला सांगतो. ती म्हणते, वर्षभर ऐकतोच की तो. खरं तर शॉप बंद राहिलं की देवीची गोष्ट चालू राहते, आणि माझी मला सांगावी लागत नाही, असंही असेल. मेव्हणा म्हणतो घाबरतोस. असेन.

पूजा तोच करतो, डाव्या हातानं कुंकू लावतो. मी नारळ फोडतो.

तर यंदाही माल दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या टेम्पोनं निघेल. फोन करू नका.