आधी उघडू, मग ठरवू: आमची वाटचाल

सुरुवात केली तेव्हा एक टेबल, एक वाइस आणि सायकलच्या सस्पेन्शनमध्ये हवा भरायचा एक शॉक पंप, एवढंच सामान होतं. माणसं दोन: मी आणि माझा धाकटा भाऊ. माउंटन बाइकची बाकी कामं करणारे पुष्कळ होते. पुढचा सस्पेन्शन फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा आणि धक्के झेलणारा दोन पायांचा भाग, उघडायला मात्र फारसं कुणी धजत नव्हतं. तो गळायला लागला की सल्ला ठरलेला, नवा टाका. चांगले फोर्क असे टाकून दिलेले पाहून आम्हा दोघांना वाईट वाटायचं, म्हणून आम्ही तेच काम हाती घेतलं.

पहिले काही महिने हुरूप इतका होता की आलेला एकही फोर्क परत पाठवला नाही. एक गिऱ्हाईक तेलगळतीची तक्रार घेऊन आलं. आम्ही दोन्ही डस्ट सील (धूळ बाहेर आणि तेल आत ठेवणारी रबरी कडी) बदलले, फोमच्या रिंगा नव्या घातल्या, तेल भरलं. फोर्क एकदम मऊ चालू लागला. तीन आठवड्यांनी तोच फोर्क परत आला, त्याच पायावर तेल ओघळलेलं. दिव्याखाली फिरवून पाहिल्यावर कारण दिसलं. स्टँचिअनच्या, म्हणजे सीलमधून आत-बाहेर सरकणाऱ्या वरच्या नळीच्या, मागच्या बाजूचा ॲनोडायझिंगचा कठीण थर बोटभर लांब घासून गेला होता आणि आतलं पांढरट ॲल्युमिनियम उघडं पडलं होतं. अशा जागेवर नवं सीलही तग धरत नाही. तो पट्टा पहिल्या दिवशीही तिथंच होता. आमचं सगळं लक्ष सीलवर होतं. सगळे पैसे परत केले. त्या रात्री भाऊ म्हणाला, "दादा, यापुढं लोअर काढून बघितल्याशिवाय कुणाला हो म्हणायचं नाही."

तेव्हापासून हाच नियम. लोअर म्हणजे फोर्कचा खालचा, स्टँचिअनवर सरकणारा भाग. आधी हवा पूर्ण सोडायची, मग तळाचे बोल्ट थोडे सैल करून रबरी हातोडीनं ठोकायचे, आणि लोअर ओढून आतलं तेल ट्रेमध्ये पडू द्यायचं. त्या तेलावरून बरंच कळतं. काळपट असेल तर नुसती धूळ आणि घर्षणाचा मळ. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, बहुतेक वेळा प्रेशर पंपाचा फवारा थेट सीलवर मारल्यामुळं. चमचमणारे कण दिसले तर मात्र आम्ही थांबतो आणि बुशिंग, म्हणजे लोअरच्या आत स्टँचिअन ज्यांवर सरकतो त्या कड्या, तपासतो. खूपदा काहीच निघत नाही: फोर्क कोरडा पडलेला असतो, बस. लोअरमध्ये तेल असतंच किती, साधारण ५ ते २० मिलिलिटर. रॉकशॉक्ससारखी कंपनी लोअरची सर्व्हिस ५० तासांनी आणि अनेक मॉडेलांना पूर्ण सर्व्हिस २०० तासांनी करायला सांगते. दर आठवड्याला चार तास सायकल चालवणाऱ्याचे ५० तास तीन महिन्यांत भरतात. हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो, कारण त्यांनी दोन-दोन वर्षं हात लावलेला नसतो.

"फोर्क मेला" म्हणून आणलेल्यांत आणखी एक प्रकार नेहमी दिसतो. फोर्क खाली बसतो आणि पूर्ण वर येतच नाही. एअर स्प्रिंगमधलं, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या स्प्रिंगमधलं, सील गेलं की वरच्या चेंबरची हवा खालच्या निगेटिव्ह चेंबरमध्ये शिरते आणि तीच फोर्कला खाली ओढून धरते. दिसायला हे मोठं नुकसान वाटतं, पण बऱ्याचदा सीलचा एक संच त्यावर पुरतो. मात्र ज्याला माहिती नाही त्यानं असा फोर्क घरी उघडू नये. व्हॉल्व्हमधून हवा सोडली तरी निगेटिव्ह चेंबरमध्ये दाब अडकलेला असतो.

नवा घ्या, असं आम्ही कधी सांगतो? क्राउनमधून, म्हणजे दोन्ही पाय वर जोडणाऱ्या भागातून, कुरकुर येत असेल तर. तिथं स्टीअरर (फ्रेममधून हँडलपर्यंत जाणारी नळी) आणि स्टँचिअन दाबून बसवलेले असतात आणि तो जोड पुन्हा घट्ट करता येत नाही. तो अख्खा भाग सुटा मिळाला तर ठीक, नाहीतर फोर्कच बदलायचा. पडल्यावर स्टीअरर वाकला असेल किंवा क्राउनला तडा असेल तर चर्चाच नाही. तसा फोर्क आम्ही जोडून देत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी. आणि अगदी साधे कॉइलचे, म्हणजे धातूच्या स्प्रिंगचे फोर्क, ज्यांचा डॅम्पर (उसळी आवरणारा भाग) उघडताच येत नाही आणि सुटे भागही मिळत नाहीत, त्यांच्यावर आमची मजुरी खर्च करू नका असं सरळ सांगतो. यात काम गेलं, पहिल्या दोन वर्षांत तर फारच गेलं. पण तीच माणसं पुढं दुसऱ्या सायकली घेऊन आली.

पुढचा ब्रेक दाबून सायकल मागंपुढं हलवली आणि खटखट जाणवली की लोक लगेच फोर्कला दोष देतात. सील आणि स्टँचिअनच्या सांध्यावर बोट ठेवून बघा. हालचाल तिथं असेल तर बुशिंग, वर क्राउनपाशी असेल तर हेडसेट (स्टीअररची बेअरिंगं) सैल. हेडसेट घट्ट करून घरी पाठवलेली माणसं आमच्याकडं बरीच आहेत.

उलट गोष्टही घडते. एकाला जुना फोर्क काढून नवाच हवा होता. सायकल २६ इंची चाकांची, स्टीअरर सरळ १ १/८ इंचाचा, हब, म्हणजे चाकाचा मध्य, ९ मिलिमीटरच्या क्विक रिलीजचा (खटक्यानं सुटणाऱ्या दांडीचा). आजचे बहुतेक चांगले फोर्क खाली दीड इंचाच्या टेपर्ड (वर अरुंद, खाली रुंद) स्टीअररचे आणि १५ × ११० मिलिमीटर ॲक्सलचे (चाकाच्या दांड्याचे). म्हणजे हब बदला, बहुधा चाकच बदला, आणि फ्रेममध्ये टेपर्ड बसेल याची खात्री नाहीच. शिवाय त्याला जास्त ट्रॅव्हल, म्हणजे फोर्क दबण्याचं जास्त अंतर, हवा होता. फोर्क २० मिलिमीटर लांब झाला की हेड अँगल (स्टीअररचा जमिनीशी कोन) साधारण एक अंशानं पडतो, पुढची बाजू उचलली जाते आणि फ्रेमवरचा ताणही वाढतो. त्याचा जुना फोर्क उघडला तर स्टँचिअन स्वच्छ, बुशिंग घट्ट. पूर्ण सर्व्हिस केली, खर्च त्याच्या अपेक्षेपेक्षा जास्त आला, तरी तो फोर्क अजून चालतो आहे.

आता टेबलं तीन आहेत. प्रत्येक फोर्कचं पान वहीत असतं: चालवलेले तास, तेलाचा रंग, काय बदललं. काढलेले सील पिशवीत घालून मालकाला देतो. अंदाजे खर्च नव्या फोर्कच्या निम्म्याच्या वर जात असेल तर काम थांबवून आधी फोन करतो. सध्या एका फळीवर जुने, बंद झालेल्या मॉडेलांचे लोअर आणि क्राउन जमा करतो आहोत. मागच्या महिन्यात त्यातल्याच एका लोअरनं बुशिंग झिजलेला एक फोर्क पुन्हा उभा राहिला.