बीकेसीतली अमेरिकन वकिलात: वेळेवर पोचायचं, तेही फोनशिवाय

अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तयारी सगळे करतात. मुंबई ओलांडून बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) वकिलातीच्या दारापर्यंत जायची तयारी मात्र 'नकाशा आहे की' एवढ्यावर सोडली जाते. गोची तिथेच होते. नकाशा फोनमध्ये, मेट्रोचं तिकीट फोनमध्ये, कॅब फोनवर, पैसेही फोनवर, आणि वकिलातीत फोन चालत नाही. बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवलेलाही नाही. वकिलात तो ठेवूनही घेत नाही. म्हणून आधी फोन कुठे राहणार ते ठरवायचं आणि मग रस्ता आखायचा.

सोबत कोणी येत असेल तर फोन त्यांच्याकडे द्यावा, हा सर्वांत सोपा मार्ग. आत फक्त ज्यांची मुलाखत आहे तेच जातात (लहान मुलांबरोबर आईवडील). बाकीच्यांना दारापाशी रेंगाळू देत नाहीत. त्यामुळे बाहेर पडल्यावर कुठे भेटायचं ते आधीच पक्कं करा. 'गेटजवळ' ही जागा नव्हे. एखादं हॉटेल, कॉफीचं दुकान किंवा ठरावीक इमारत सांगा. वेळ मात्र सांगू नका, कारण आत एक तास लागेल की तीन, हे कोणालाच ठाऊक नसतं. सोबतीने तिथेच थांबायचं, एवढंच ठरवा.

एकटं जाणाऱ्यांसाठी परिसरात पैसे घेऊन फोन-बॅग सांभाळणारे खासगी लोक असतात. त्यांचा वकिलातीशी संबंध नाही, जबाबदारीही ज्याची त्याची. फोन ठेवायचाच झाला तर पावती घ्या, दुकान किती वाजता बंद होतं ते विचारा आणि दर आधी ठरवा. त्यापेक्षा मुक्कामाच्या ठिकाणी किंवा बीकेसीत नोकरी करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे फोन ठेवलेला बरा. फोन घरीच ठेवून येणं हाही चांगला पर्याय आहे, फक्त कागदावर दोन-तीन नंबर लिहून घ्या. स्वतःच्या बायकोचा किंवा नवऱ्याचा नंबर पाठ नसल्याचं नेमकं अशाच वेळी कळतं.

फोनबरोबर बाकीचंही आलं: स्मार्टवॉच, इअरफोन, पॉवर बँक, पेनड्राइव्ह, लॅपटॉप, थोडक्यात बॅटरीवर चालणारं सगळं. रिमोटची गाडीची किल्लीही त्यात धरा. मोठी बॅग, खाणं, पाणी, चिकटवून बंद केलेले लिफाफे, धारदार वस्तू, सिगारेट-लायटर यांनाही आत मज्जाव आहे. एक पारदर्शक प्लास्टिकची फाइल आणि खिशात सुट्टे पैसे, एवढंच घेऊन निघालात तर निम्मी कामं आपोआप सोपी होतात.

पत्ता: सी-४९, जी ब्लॉक, वांद्रे-कुर्ला संकुल, वांद्रे पूर्व. घरातली वडीलधारी मंडळी अजून 'ब्रीच कँडी' म्हणतील, पण २०११च्या नोव्हेंबरात वकिलात तिथून बीकेसीत आली. जी ब्लॉक मोठा आहे. राष्ट्रीय शेअर बाजार, हिरे बाजार, जिओ वर्ल्ड सेंटर हे सगळं त्यातच. ब्रिटनचं उपउच्चायुक्तालयही याच ब्लॉकमध्ये आहे. त्यामुळे रिक्षावाल्याला नुसतं 'कॉन्सुलेट' म्हणू नका, 'अमेरिकन कॉन्सुलेट' म्हणा. प्लॉट नंबर सांगून काही उपयोग होत नाही.

आणखी एक घोळ दोन वेगवेगळ्या वेळांचा. बोटांचे ठसे आणि फोटो व्हिसा अर्ज केंद्रात आधी होतात, मुलाखत नंतर वकिलातीत. दोन जागा, दोन पत्ते. केंद्राचा पत्ता आपल्या अपॉइंटमेंटच्या कागदावर वाचा. जुन्या मित्राने सांगितलेली इमारत धरून चालू नका, कारण हे केंद्र जागा बदलतं. बाहेरगावच्यांनी दोन्ही वेळा लागोपाठच्या दिवशी मिळतात का ते बघून एकाच फेरीत काम उरकावं.

आता रस्ता. शहरात आडवं जाणं मुंबईला कधीच जमलेलं नाही. लोकल उत्तर-दक्षिण धावतात आणि बीकेसी पश्चिम आणि मध्य मार्गांच्या मधोमध बसलंय. कुठूनही आलात तरी शेवटचे दोन-चार किलोमीटर वेगळी सोय करावी लागायची. भुयारी मेट्रो ३ने हे बरंच बदललं. आरे ते बीकेसी हा टप्पा ऑक्टोबर २०२४ला सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५पासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते. भाडं १० ते ७० रुपये.

दक्षिण मुंबईत मुक्काम असेल तर दुसरा विचारच करू नका. चर्चगेट, सीएसएमटी, गिरगाव, मुंबई सेंट्रल (मेट्रोच्या पाटीवर 'जगन्नाथ शंकरशेट'), कुठूनही बसा आणि बीकेसीला उतरा. सीएसएमटीहून अर्ध्या तासाच्या आत-बाहेर. विमानाने येणाऱ्यांनाही हीच गाडी, टी-१ आणि टी-२ दोन्हींची स्टेशनं आहेत. दादरला मात्र फसगत होते. मेट्रोचं दादर स्टेशन लोकलच्या दादरला लागून नाही, पश्चिमेला बाहेर पडून चालत जावं लागतं.

अंधेरी किंवा घाटकोपरहून मेट्रो १ने मरोळ नाका गाठायचं आणि तिथे मेट्रो ३ पकडायची. दोन्ही मार्ग वेगळ्या संस्थांचे आहेत. फोनवरच्या तिकिटाची सवय असलेल्यांनी लक्षात ठेवावं की फोनविना परततानाही खिडकीवर रोख देऊन तिकिटं काढावी लागतील, आणि मरोळ नाक्याला एका मार्गातून बाहेर पडून दुसऱ्यात शिरायला वेळ जातो. जाता-येताना १० मिनिटं जास्तीची धरा.

बीकेसी स्टेशन वकिलातीच्या दारात नाही. बाहेर आल्यावर चालायचं असेल तर वीसेक मिनिटं हाताशी ठेवा, नाहीतर रिक्षा करा. मीटरचं किमान भाडं २०२५च्या फेब्रुवारीपासून २६ रुपये आहे. जवळचं भाडं म्हणून काही जण नाक मुरडतात. वाद घालण्यात पाच मिनिटं घालवण्यापेक्षा पुढची रिक्षा बघा. स्टेशनातल्या स्वच्छतागृहात जाऊन या, नंतर रांगेत अवघड होतं.

लोकलने येणाऱ्यांचे दोन दरवाजे: पश्चिम रेल्वेचं वांद्रे आणि मध्य व हार्बरचं कुर्ला. वांद्र्याला पूर्वेला उतरायचं, कुर्ल्याला पश्चिमेला. चुकीच्या बाजूला उतरलात तर पूल चढून परत यायचं आणि तेही सकाळच्या लोंढ्याच्या उलट. दोन्हीकडून बीकेसीसाठी शेअर रिक्षा मिळतात आणि बेस्टच्या बसही. नऊनंतर दोन्हीकडची रांग ऑफिसवाल्यांची असते आणि ती लांबते. वांद्रे पूर्वेला कलानगरचा नाका आणि कुर्ल्याला स्टेशनबाहेरची गल्ली, इथे रिक्षा बसल्या जागी उभी राहते. रिकाम्या रस्त्यावर १५ मिनिटांत होणारं अंतर तेव्हा ४० मिनिटं खातं.

दोन नावांची गल्लत बाहेरगावच्यांना हमखास भोवते. लोकमान्य टिळक टर्मिनसला लोक 'कुर्ला टर्मिनस' म्हणतात, पण ते कुर्ला स्टेशन नव्हे. वांद्रे टर्मिनसही वांद्रे स्टेशन नव्हे. या टर्मिनसवर उतरलात तर लोकल शोधत बसू नका, सरळ रिक्षाने बीकेसी गाठा.

पुण्याहून शिवनेरीने येणाऱ्यांनी दादरपर्यंत जायची गरज नाही. चेंबूरला मैत्री पार्कला उतरून कॅब करावी आणि चालकाला चुनाभट्टी-बीकेसी कनेक्टरने न्यायला सांगावं. हा उड्डाणपूल पूर्व द्रुतगती मार्गावरून थेट बीकेसीत उतरवतो आणि कुर्ला-सायनची कटकट टळते. सायनचा जुना रेल्वेपूल ऑगस्ट २०२४मध्ये नव्या बांधकामासाठी बंद झाला, तेव्हापासून त्या बाजूची वाहतूक आजूबाजूच्या रस्त्यांवर आली आहे. 'सायनवरून नेतो' म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा. स्वतःची गाडी आणायचा मोह टाळा. वकिलातीसमोर थांबू देत नाहीत, पैसे भरून लावायची जागा शोधण्यात वेळ जातो आणि किल्लीचा प्रश्न आहेच.

नागपूर, कोल्हापूर, कोकणातून रात्रीच्या गाडीने त्याच सकाळी उतरून थेट मुलाखतीला जायचा बेत बहुतेकदा जमतो. न जमलेल्या एका वेळी मात्र पुढची तारीख मिळायला काही महिनेही जाऊ शकतात. आदल्या संध्याकाळी या. मुलाखत सोमवारी असेल तर रविवारच्या मेगाब्लॉकचं (देखभालीसाठी लोकल बंद ठेवण्याचं) वेळापत्रक बघूनच निघा. पावसाळ्यात तर आदल्या दिवशी येणं सक्तीचंच समजा. मिठी नदी बीकेसीच्या कडेनेच वाहते. मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली की कुर्ला-सायनचे रूळ आधी पाण्याखाली जातात. मुक्काम शक्यतो मेट्रो ३च्या कुठल्यातरी स्टेशनजवळ घ्या. बीकेसीतली हॉटेलं महाग आहेत आणि त्यांची गरजही नाही.

वेळेचा हिशोब उलटा करा. मुलाखत ९ची असेल तर बीकेसीत ८ला पोचायचं, वकिलातीच्या दारात नव्हे. मधल्या वेळात खाऊन घ्या, फोनची व्यवस्था लावा, फाइल शेवटची बघा आणि साडेआठच्या सुमारास रांगेकडे वळा. तासभर आधी दारात जाऊन काही मिळत नाही, रांगा वेळेप्रमाणे लावतात. नुसतं उन्हात किंवा पावसात उभं राहणं होतं. छत्री न्या, पण ती सोडून द्यावी लागली तर वाईट वाटणार नाही अशी. ठाणे किंवा बोरिवलीहून निघणाऱ्यांनी सातच्या आत लोकलमध्ये असावं. त्यानंतरच्या गर्दीत हातातली फाइल चुरगळते, आणि चुरगळलेला बारकोड मशीनला वाचता येत नाही.

त्या बारकोडबद्दल. डीएस-१६०च्या, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जाच्या, पुष्टीपत्राची छापील प्रत लागते, आणि तिच्यावरचा क्रमांक अपॉइंटमेंट घेताना दिलेल्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. मध्ये चूक दुरुस्त करायला नवा फॉर्म भरला आणि प्रोफाइलमध्ये जुनाच क्रमांक राहिला, तर एवढं शहर ओलांडून आलेला माणूस दारातूनच परत जाऊ शकतो. हे आदल्या आठवड्यात तपासा, आदल्या रात्री नव्हे. बाकी पासपोर्ट (जुने असतील तर तेही), अपॉइंटमेंटचा कागद, दोन इंच बाय दोन इंच, चष्म्याविना फोटो आणि विद्यार्थ्यांनी आय-२० (अमेरिकन कॉलेजने दिलेला प्रवेशाचा फॉर्म) व सेविस शुल्काची (विद्यार्थ्यांच्या तिथल्या सरकारी नोंदणीच्या शुल्काची) पावती. सगळं छापील. 'मेलमध्ये आहे' हे उत्तर फोनविना काही कामाचं नाही.

२ सप्टेंबर २०२५पासून १४ वर्षांखालच्या मुलांना आणि ७९ वर्षांवरच्यांनाही साधारणपणे मुलाखतीला यावं लागतं. आजी-आजोबांना घेऊन येताना लोकल आणि मेट्रो बदलण्याचा नाद सोडा, दारापर्यंत कॅबच करा. आत मुलाखत खिडकीशी उभ्याने होते, ती जेमतेम काही मिनिटांची. वेळ जातो तो सुरक्षा तपासणीत आणि रांगेत. मुंबईत मराठीत मुलाखत देता येते, तेवढं अर्ज करताना भाषेच्या रकान्यात नोंदवा.

परतीचं तिकीट संध्याकाळी सातनंतरचं काढा. दुपारची मुलाखत संपून सहाच्या पुढे बीकेसीतून बाहेर पडायचं झालं तर कॅबपेक्षा मेट्रोच बरी, कारण तेव्हा अख्खं संकुल एकाच वेळी घरी निघतं. आणि आधार कार्ड विसरू नका. व्हिसा मंजूर झाला की पासपोर्ट तिथेच ठेवून घेतात. नागपूरच्या विमानात चढताना ओळखपत्र म्हणून तोच एक दाखवायचा विचार असेल, तर सगळं नीट पार पडल्यावर विमानतळाच्या दारात अडकाल.