एका क्लोव्हरचे मार्कर दुसऱ्या क्लोव्हरमध्ये वापरताना : माझा अनुभव

रेड क्लोव्हर या चारापिकासाठी बनवलेले एसएसआर मार्कर (डीएनएमधल्या अशा जागा जिथे दोनचार अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, म्हणजे रिपीट असतो, आणि त्याची लांबी झाडागणिक बदलते) व्हाइट क्लोव्हर, बरसीम आणि सबटेरेनियन क्लोव्हर या त्याच्या नातलग जातींमध्ये चालतात का हे तपासायचं काम मी केलं, कोणाला असंच काही करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितेय. ट्रायफोलियम म्हणजे क्लोव्हरच्या वंशात साधारण 250 जाती आहेत पण मार्करवरचं बहुतेक काम मोजक्या चारापिकांवरच झालंय, मग बाकीच्यांसाठी जवळच्या जातीचे प्रायमर (मार्करच्या दोन्ही बाजूंना चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) उसने घेणं स्वस्त पडतं.

प्रायमर निवडताना ईएसटीवरून, म्हणजे चालू जीनच्या सिक्वेन्सच्या तुकड्यांवरून काढलेले आधी घ्या. जीनचा भाग जात बदलली तरी फारसा बदलत नाही, त्यामुळे प्रायमरला बसायला जागा मिळते, अगदी मेडिकागो ट्रंकाट्युला या दूरच्या नातलग वनस्पतीचे काही मार्करसुद्धा क्लोव्हरमध्ये चालतात. मात्र अशा मार्करमध्ये विविधता कमी दिसते, ते धरूनच चालायचं. पीसीआरला (डीएनएच्या तुकड्याच्या नकला वाढवण्याच्या पद्धतीला) मी टचडाउन ठेवला, म्हणजे प्रायमर चिकटण्याचं, अ‍ॅनीलिंग टेंपरेचर वरून सुरू करून हळूहळू खाली आणायचं, नाहीतर कमी टेंपरेचरला नको ते बँड (जेलवर दिसणारे डीएनएच्या तुकड्यांचे पट्टे) भरपूर येतात.

आता खरा मुद्दा, बँड आला म्हणजे मार्कर चालला असं अजिबात नाही! जेलवर अपेक्षित साइजचा बँड दिसतो पण आत रिपीटच नसतो, किंवा रिपीट तेवढाच राहून बाजूच्या भागात काही बेस कमीजास्त झाल्याने साइज बदललेली असते. म्हणून प्रत्येक जातीतला निदान एकेक बँड सिक्वेन्स करून बघाच, खर्च होतो पण त्याशिवाय दोन जातींची तुलना करण्यात काही अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

व्हाइट क्लोव्हरने सगळ्यात जास्त वेळ घेतला. रेड क्लोव्हर डिप्लॉइड, म्हणजे क्रोमोसोमचे दोन संच, एकूण 14 क्रोमोसोम. व्हाइट क्लोव्हरचे 32, आणि ते ट्रायफोलियम ऑक्सिडेंटाले आणि ट्रायफोलियम पॅलेसेन्स या दोन जातींच्या संकरातून आलेलं टेट्राप्लॉइड (चार संचांचं), त्यामुळे एकच प्रायमर दोन्ही सबजीनोममध्ये, म्हणजे दोन्ही मूळ जातींकडून आलेल्या भागांत बसतो आणि एका झाडात चारपर्यंत बँड दिसतात, त्यातले कुठले दोन एका लोकसचे (डीएनएवरच्या एकाच जागेचे) हे नुसतं बघून कळत नाही. दोन्ही मूळ जातींचे डीएनए त्याच जेलवर शेजारी चालवले तेव्हा बरंच सुटसुटीत झालं, काही मार्कर तर एकाच सबजीनोममध्ये बसतात हेही समजलं, आणि ते मार्कर मला सगळ्यात मोलाचे वाटतात.

नल अलीलसाठी (अलील म्हणजे मार्करचं एक रूप, नल म्हणजे पीसीआरमध्ये न वाढणारं) परागीभवनाची पद्धत डोक्यात ठेवा. रेड क्लोव्हर स्वतःच्या परागाने बी धरत नाही, व्हाइट क्लोव्हरचंही बहुतेक तसंच, तिथे एखाद्या मार्करवर होमोझायगस झाडं (दोन्ही अलील सारखेच असलेली) फारच जास्त दिसली तर एक अलील वाढलाच नाही अशी शंका घ्यायला हवी. सबटेरेनियन क्लोव्हर मात्र स्वपरागी, तिथे होमोझायगस दिसणं हेच नॉर्मल, म्हणजे तोच आकडा एका जातीत धोक्याचा आणि दुसऱ्यात साधा.

आणखी एक, मार्कर निवडताना ते रेड क्लोव्हरमध्ये विविधता दाखवतात म्हणूनच निवडलेले असतात, त्यामुळे बाकीच्या जातींत विविधता कमी दिसली की त्या जातीत ती खरंच कमी आहे असं लगेच लिहू नका. तसं म्हणायचं असेल तर उलट बाजूनेही, म्हणजे व्हाइट क्लोव्हरचे मार्कर रेडमध्ये चालवून बघायला हवेत.