तुम्ही विचारलेत म्हणून: रानात वाट चुकत नाही का?

धुळ्याच्या बसस्थानकावर, लग्नाच्या पंगतीत, एखाद्या शाळेत पाण्याविषयी बोलायला गेलो तर तिथल्या मुलांकडून, मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो. विहिरीची जागा दाखवण्यासाठी तुम्ही सातपुड्यात, जिथे पायवाटसुद्धा नसते, तिथे हिंडता. मग वाट चुकत नाही का? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला असतो, की खिशात जीपीएसचा मोबाइल असताना कागदी नकाशा आणि होकायंत्र अजून कशाला बाळगता?

चुकतो. दर मोसमात चुकतो. फरक एवढाच, की पूर्वी चुकल्याचे तीन किलोमीटर चालून गेल्यावर कळत असे आणि आता बहुधा तीनशे पावलांत कळते. नकाशा आणि होकायंत्र मी बाळगतो ते याच कारणासाठी.

माझे काम भूजलाचे आहे. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत बेसाल्टच्या थरांना उभ्या चिरणाऱ्या काळ्या दगडाच्या भिंती आहेत, ज्यांना आम्ही डाइक म्हणतो. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचले, त्या घडामोडींत भेगांमध्ये घुसलेला शिलारस तिथेच थिजला आणि या भिंती तयार झाल्या. या पट्ट्यात दोनशेहून अधिक डाइकांची नोंद झालेली असून त्यांतल्या बऱ्याचशा ढोबळमानाने पूर्व-पश्चिम धावतात आणि काही तर कित्येक किलोमीटर लांब आहेत. डाइक घट्ट असेल तर जमिनीखालचे पाणी तिला अडून वरच्या अंगाला साठते, आणि तिला भेगा असतील तर तीच पाणी वाहून नेते. म्हणून एखाद्या पाड्याने विहीर मागितली, की डाइक नाल्याला नेमकी कुठे ओलांडते ते प्रत्यक्ष जाऊन पाहणे भाग पडते. आता दगडाची भिंत काही माणसांच्या वाटेने जात नाही. ती धार चढते, घळीत उतरते, करवंदीच्या जाळीत शिरते, आणि तिच्या मागे आम्हीही.

हातात असतो तो भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा, ज्याला सगळे टोपोशीट म्हणतात. दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि एका शीटमध्ये साधारण २८ किलोमीटर उत्तर-दक्षिण व २६ किलोमीटर पूर्व-पश्चिम मुलूख. जुन्या क्रमांकांनुसार धडगाव ४६ के/१ मध्ये आणि तोरणमाळ ४६ के/५ मध्ये येते. नवख्या माणसाची नजर शीटवरच्या गावांच्या नावांवर आणि लाल रस्त्यांवर जाते, पण वाट नसलेल्या रानात उपयोगी पडतात त्या तपकिरी समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. त्या दर २० मीटर उंचीला एक अशा असतात. त्यांची टोके चढाच्या बाजूला घुसलेली दिसली तर तो नाला, उताराच्या बाजूला निघालेली दिसली तर ती सोंड. हे एकदा डोळ्यांत बसले, की डोंगर कागदावरून उठून उभा राहतो. ते बसायला मला दोन वर्षे लागली, हेही सांगून टाकतो.

नकाशा जुना झाला म्हणून तो टाकाऊ होत नाही, मात्र त्याचे वय ध्यानात ठेवावे लागते. नर्मदाकाठच्या माझ्या जुन्या शीटवर नदी बारीक आहे आणि काठाला पाडे आहेत. सरदार सरोवराची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर, आणि २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय त्या पातळीपर्यंत भरला. महाराष्ट्रातली ३३ गावे या प्रकल्पाने बाधित झाली. मी त्या शीटवर १४० मीटरची समोच्चरेषा निळ्या पेन्सिलीने गिरवून घेतली आहे. घळीघळींतून ती रेषा आत शिरते तेव्हा पाणी कुठवर आले असेल ते कळते, आणि नकाशावर जो नाला सहज ओलांडता येईलसा वाटतो तिथे प्रत्यक्षात खाडीसारखे पाणी पसरलेले असणार, हे घरी बसूनच उमगते. ती पेन्सिल फिरवताना रेषेखाली गेलेल्या पाड्यांची नावे एकेक करून वाचली जातात, त्याला इलाज नाही.

चालताना दिशा होकायंत्र देते आणि अंतर पावले देतात. सपाटीवर माझी शंभर मीटरला ६५ दुहेरी पावले (डावे-उजवे मिळून एक) होतात, चढावर ८० च्या पुढे जातात. दर शंभर मीटरला डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात टाकायचा. बोलण्याच्या नादात आकडा विसरला तरी चिंचोके विसरत नाहीत. आणि यातली सर्वांत कामाची युक्ती म्हणजे मुद्दाम चुकणे. समजा दोन किलोमीटरवर नाल्याकाठी एक जुनी विहीर गाठायची आहे. नेम धरून थेट विहिरीकडे निघालो आणि नाल्यावर पोहोचलो तेव्हा विहीर दिसली नाही, तर ती डावीकडे राहिली की उजवीकडे हे सांगता येत नाही. पाच अंशांची चूक चालताना सहज होते, आणि दोन किलोमीटरवर तिचे पावणेदोनशे मीटर होतात. म्हणून मी मुळातच आठ-दहा अंश नाल्याच्या खालच्या अंगाला धरून चालतो. नाला लागला की विचार न करता वरच्या अंगाला वळायचे. लोकांना हे ऐकून हसू येते, पण कोणत्या बाजूला चुकलो आहोत हे ठाऊक असले तर निम्मे काम झालेले असते.

आता होकायंत्राविषयी. आपल्या भागात सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर आणि नकाशावरची खरी उत्तर यांत एका अंशाहून कमी फरक आहे, तेव्हा ती दुरुस्ती माझ्या कामात सोडून दिली तरी चालते. (ही मोजमापे किती नाजूक असतात ते पाहा: मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतले चुंबकीय वेध अलिबागला हलवावे लागले, तिथली वेधशाळा १९०४ पासूनची.) आमची अडचण ट्रामची नाही, पायाखालच्या दगडाची आहे. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते, आणि उघड्या माथ्यावर वीज पडली की त्या प्रचंड प्रवाहाने तिथला खडक जागच्या जागी लोहचुंबक होऊन बसतो. अशा खडकाजवळ सुई खुशाल वीस-तीस अंश फिरते. ती थरथरत नाही, अडखळत नाही. अगदी शांतपणे चुकीची दिशा दाखवते.

मला हे पुस्तकातून माहीत होते. तरीही तोरणमाळच्या पश्चिमेला, नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, मी फसलो. मार्च महिना होता आणि अवकाळीचे मळभ इतके दाट, की दुपार कोणत्या बाजूला कलली तेही समजत नव्हते. जलविभाजकाच्या धारेवरून पूर्वेकडे तीन किलोमीटर जाऊन दक्षिणेच्या नाल्यात उतरायचे होते. या धारेच्या दक्षिणेचे पाणी गोमाईतून प्रकाशाला तापीला मिळते आणि उत्तरेचे नर्मदेला जाते. मी माथ्यावरच्या एका काळ्या खडकावर बसलो, नकाशा मांडीवर घेतला, होकायंत्र खडकावर ठेवले, दिशा घेतली आणि निघालो. सुई साधारण वीस अंशांनी फसवत होती. तीन किलोमीटरनंतर वीस अंशांचे एक किलोमीटरहून जास्त होते. आम्ही नकळत धार ओलांडून तिच्या उत्तरेला गेलो.

वाईट हे, की जितक्या अंतरावर नाला हवा होता तितक्याच अंतरावर नाला मिळाला. मी खूश झालो आणि नंतर होकायंत्र बाहेर काढलेच नाही. नकाशावर डाव्या हाताला एक उपनाला होता, इथे तो उजव्या हाताला होता. नकाशा जुना आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. नकाशावरचा कडा दिसेना, तर तो झाडीत असेल म्हटले. माझ्याबरोबर शिरपूरकडचे आप्पा होते, मोजपट्टी धरायला येत, वयाने माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. ते थांबले आणि कोरड्या पात्रातल्या एका निरगुडीकडे बोट दाखवून म्हणाले, “सायेब, हाऊ नाला ते उलटा शे.”

मी वाकून पाहिले. गेल्या पुराचे गवत, काटक्या आणि पानांचा गुंता निरगुडीच्या एका अंगाला अडकून वाळला होता. गुंता अडकतो तो ज्या बाजूने पाणी येते त्या बाजूला. पात्रातले चपटे गोटे एकमेकांवर रेलून बसले होते, आणि गोटे कलतात तेही पाण्याच्या उगमाकडे. दोन्ही खुणा एकच सांगत होत्या. आप्पांना त्यावरून आणि उतारावरून नाला सरळ दिसत होता. त्यांना खटकत होते ते एवढेच, की गोमाईकडे म्हणून निघालेलो आम्ही डोंगरात आणखी आत चाललो होतो. मी होकायंत्र काढले. खडकापासून दूर आल्यावर सुई खरे बोलू लागली होती: नाला उत्तरेला जात होता.

अंधार पडायला आला होता, म्हणून त्या रात्री खालच्या पाड्यावर एका पावरा कुटुंबाकडे राहिलो. मक्याची भाकर आणि उडदाची डाळ पुढे करत घरातले म्हातारबाबा आप्पांना काहीतरी म्हणाले आणि सगळे घर हसले. काय म्हणाले ते आप्पांनी मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

तेव्हापासून माझी रीत ठरली आहे. होकायंत्र खडकावर ठेवायचे नाही, छातीशी धरायचे. कमरेचा हातोडा आणि मोबाइल आधी बाजूला काढून ठेवायचे, कारण तेही सुई ओढतात. दिशा घेतली की साठ-सत्तर पावलांवर आप्पांना उभे करायचे, तिथे जाऊन मागे वळून पहिल्या जागेची दिशा घ्यायची. दोन्हींत बरोबर १८० अंशांचा फरक आला तर दोन्ही जागा निर्दोष धरता येतात. नाही आला तर एखादी जागा खोटी आहे. आणि आकाश मोकळे असेल तर अस्तंबा आणि आणखी दोन ओळखीची शिखरे धरून तीन रेषा नकाशावर ओढायच्या. त्या एका बिंदूत कधीच मिळत नाहीत, लहानसा त्रिकोण करतात, आणि आपण त्याच्या आसपास कुठेतरी असतो. त्रिकोण मोठा आला तर कुठेतरी गफलत आहे हे लगेच समजते.

जीपीएसबद्दल माझी तक्रार नाही. माझ्याकडेही ते आहे, आणि विहिरीची जागा नोंदवताना मी तेच वापरतो. त्याला मोबाइलचे नेटवर्कही लागत नाही. पण ते मी कुठे उभा आहे तेवढे सांगते. खोल घळीत कड्यांवरून परावर्तित होणाऱ्या संदेशांनी ते चुकते तेव्हा तितक्याच ठामपणे चुकीचा आकडा दाखवते, त्या खडकावरच्या सुईसारखे, आणि त्याला पारखायला माझ्या हाती तपकिरी रेषांखेरीज दुसरे काही नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मोहाची फुले वेचायला निघालेल्या बायकांबरोबर आम्ही धारेपर्यंत चढलो आणि तो काळा खडक शोधून काढला. होकायंत्र त्याच्यावर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. सुई दर वेळी इमानाने वळत होती. मी शीटवर लाल पेन्सिलीने तिथे एक ठिपका काढला आणि शेजारी लिहिले, “येथे सुई फिरते”. त्या शीटवर आता असे सात ठिपके आहेत. त्यांतले दोन आप्पांनी दाखवलेले आहेत.